गिऱ्हाइकाच्या माथी मारलेली जबाबदारी

कपड्यांच्या धंद्यामुळे होणारी नासाडी थांबवायची कशी, या प्रश्नाला गेली दहा-बारा वर्षं एकच उत्तर ऐकू येतंय. फॅशन शोच्या व्यासपीठावर तेच, कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत तेच, रविवारच्या पुरवण्यांत तेच. गिऱ्हाईक जागरूक झालं पाहिजे. त्याने लेबल वाचावं, चार पैसे जास्त मोजावेत, पर्यावरणाला सांभाळणारा कपडा मागावा. मागणी वाढली की कंपन्या आपोआप वळतील आणि आज मूठभरांपुरती असलेली सस्टेनेबल फॅशन उद्या सगळ्यांची होईल. असं सांगणाऱ्या बहुतेकांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण हे उत्तर चूक आहे, आणि चूक असण्यापेक्षा ते घातक आहे याची मला जास्त काळजी वाटते. ज्यांच्या हातात बदल घडवायची ताकद आहे ते त्यामुळे मोकळे सुटतात, आणि ज्याच्या हातात फारसं काही नाही त्याला अपराधी वाटायला लावलं जातं.

दुकानात उभ्या असलेल्या माणसाला काय दिसतं ते आधी पाहू. हातात शर्ट आहे. बाजूच्या शिवणीत एक पट्टी आहे : साठ टक्के कॉटन, चाळीस टक्के पॉलिएस्टर, गडद कपडे वेगळे धुवा, सावलीत वाळवा. कापूस कुठल्या शिवारात पिकला, सूत कुठे कातलं, कापड कुठे रंगवलं, रंगाचं पाणी कुठल्या ओढ्यात गेलं, शिवणाऱ्या बाईला ओव्हरटाइमचे पैसे मिळाले का, यातलं काहीच त्या पट्टीवर नसतं. पुष्कळदा ते ब्रँडच्या कचेरीतही पुरतं माहीत नसतं. ऑर्डर एकाला दिलेली असते, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने जॉबवर्कवर तिसऱ्याला. ज्या माहितीशिवाय निवड करताच येत नाही ती माहिती द्यायची नाही आणि निवडीची जबाबदारी मात्र द्यायची, हा शुद्ध अन्याय आहे.

या धंद्यात गेल्या तीस वर्षांत काही गोष्टी खरोखर सुधारल्या आहेत. त्या कशा सुधारल्या, हे पाहायला हवं. माझा सगळा वाद तिथेच आहे.

पहिलं उदाहरण ॲझो रंगांचं. कापड रंगवायला लागणाऱ्या रंगांतला मोठा हिस्सा या जातीचा. त्यातले बहुतेक निर्धोक, पण काहींचं विघटन होऊन बेंझिडीनसारखी घातक अमाइनं तयार होतात. बेंझिडीन हाताळणाऱ्या रंगकारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. १९९४ साली जर्मनीने अशा रंगांवर कायद्याने बंदी आणली. जर्मनी म्हणजे आपल्या कापडाची मोठी बाजारपेठ. आपल्याकडे ओरड झाली. गरीब देशांचा माल अडवायचं हे निमित्त आहे, असं म्हटलं गेलं. पण १९९७ पर्यंत भारत सरकारनेही एकूण ११२ रंगांवर बंदी घातली. वस्त्रोद्योग समितीच्या प्रयोगशाळांत तपासणीची सोय झाली, रंग बनवणाऱ्यांनी पर्याय आणले आणि धंदा चालू राहिला. पुढे युरोपीय संघाने तीच बंदी सगळ्या सदस्य देशांना लावली.

दादरच्या किंवा लक्ष्मी रोडच्या एकाही दुकानात कुणी गिऱ्हाइकाने ‘यात बेंझिडीन तर नाही ना’ असं विचारलं नव्हतं. विचारण्याची गरजही पडली नाही. पळवाटा राहिल्या असतील, चोरटा वापरही कुठे होत असेल. तरी दोनशे रुपयांचा टी-शर्ट घेणारा आणि पाच हजारांचा घेणारा दोघेही त्या नियमाच्या छत्राखाली आले. सस्टेनेबल फॅशन सर्वांची करायची म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

दुसरं उदाहरण तिरुपूरचं. ते जास्त कडू आहे आणि जास्त शिकवणारंही. तमिळनाडूतलं हे गाव होजिअरीसाठी जगभर प्रसिद्ध आहे. बनियन, टी-शर्ट, लहान मुलांचे कपडे इथून युरोप-अमेरिकेला जातात. विणलेलं कापड आधी ब्लीच करतात, मग रंगवतात. सुती कापडावर रंग चढायला पाण्यात भरपूर मीठ घालावं लागतं. मिठामुळे रंग पाणी सोडून धाग्याकडे वळतो. काम झालं की रंगाचा उरलेला अंश आणि सगळंच्या सगळं मीठ पाण्यात राहतं. साध्या शुद्धीकरणाने रंग जातो, पाणी डोळ्याला निवळ दिसतं, पण मीठ तसंच राहतं. असं खारं पाणी वर्षानुवर्षं नोय्यल नदीत सोडलं गेलं. खाली ओरथुपालयम इथे शेतीला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं धरण १९९० च्या दशकात या पाण्याने भरलं. ज्यांच्यासाठी धरण बांधलं तेच शेतकरी काही वर्षांनी ‘हे पाणी आमच्या शेतात सोडू नका’ म्हणून भांडू लागले. विहिरी खारावल्या, जमिनी पांढऱ्या पडल्या.

शेतकरी कोर्टात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ साली आदेश दिला की सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर जाता कामा नये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, मुदती मागितल्या गेल्या, मुदती संपल्या. शेवटी जानेवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तिरुपूरची सातशेवर डाईंग युनिट्स बंद करायला लावली. गावावर संकट कोसळलं. हजारो मजुरांचं काम गेलं, काही मालकांनी रंगकाम दुसऱ्या गावांत नेलं आणि तिथलं पाणी बिघडवलं. हे सगळं खरं आहे. या निर्णयाची किंमत मजुरांनी मोजली, ते लपवून मला माझी बाजू मांडायची नाही.

पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं. सरकारने बिनव्याजी कर्ज दिलं, सामायिक शुद्धीकरण प्रकल्प नव्याने उभे राहिले. आता सांडपाणी आधी जैविक प्रक्रियेतून जातं, मग आरओच्या पडद्यांतून. उरलेलं दाट खारं पाणी आटवून मीठ परत मिळवतात आणि तेच मीठ पुन्हा रंगकामाला वापरतात. पाण्याचा फार मोठा भाग कारखान्यात परत येतो. गाळाचं काय करायचं, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. विजेचा खर्चही जबर आहे. तरी तिरुपूर मेलं नाही. निर्यात वाढत वाढत २०२४-२५ मध्ये चाळीस हजार कोटी रुपयांच्या आसपास गेली.

आणि त्या सगळ्या वर्षांत तिरुपूरचा माल घेणारे परदेशी ब्रँड काय करत होते? ते दर हंगामाला पिसामागे काही सेंट कमी मागत होते. ज्यांच्या अहवालांत पर्यावरणावर स्वतंत्र प्रकरण असतं, त्यांनी शुद्धीकरणाचा खर्च खरेदीच्या दरात आपणहून धरला असता तर कोर्टाला सातशे दारं बंद करावी लागली नसती. नोय्यलसाठी भांडले ते खालच्या अंगाचे शेतकरी. ‘जागरूक गिऱ्हाईक’ त्या लढाईत कुठेच नव्हतं, आणि त्याला मी दोष देत नाही. हॅम्बुर्गमध्ये बनियन घेणाऱ्याला नोय्यल कुठे आहे हे कसं कळावं?

माणसांच्या जिवाबाबतही हेच घडलं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली. शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचं सामाजिक लेखापरीक्षण आधी झालेलं होतं, म्हणजे ऐच्छिक प्रमाणपत्रांची व्यवस्था कागदावर व्यवस्थित चालू होती. बांगलादेशातल्या कारखान्यांत जिने, दारं आणि खांब प्रत्यक्ष तपासले जाऊ लागले ते नंतर, ब्रँड आणि कामगार संघटनांनी कायद्याने बांधील असा करार केल्यावर.

यावर मला सांगितलं जातं की आता काळ बदललाय, प्रमाणपत्रं आहेत, क्यूआर कोड आहेत, गिऱ्हाईक फोनवर सगळं पाहू शकतं. प्रमाणपत्रांचं काय होतं ते आपण आपल्याच देशात पाहिलंय. जगातला सेंद्रिय कापूस सर्वांत जास्त भारतात पिकतो. सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक सांभाळणाऱ्या संस्थेनेच २०२० साली जाहीर केलं की भारतातल्या सुमारे २०,००० टन कापसाला बनावट कागदांवर सेंद्रिय ठरवण्यात आलं होतं. ज्याने मनापासून जास्त पैसे मोजून तो कपडा घेतला, त्याची जागरूकता कुठे कमी पडली? उलट त्याच्या जागरूकतेवरच कुणीतरी धंदा केला.

महाग घ्या म्हणजे चांगलं मिळेल, हाही असाच समज. बर्बेरी ही ब्रिटनची नामांकित, अतिशय महाग कंपनी. एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल आपण नष्ट केला, असं २०१८ साली तिच्याच अहवालातून बाहेर आलं. माल स्वस्तात विकला तर नावाची किंमत उतरते, म्हणून नवेकोरे कपडे जाळायचे. बोभाटा झाल्यावर कंपनीने ही पद्धत सोडली. पण बाकीच्या कंपन्यांसाठी दार बंद झालं ते कायद्याने. न विकलेला माल नष्ट करायला फ्रान्सने २०२० च्या कायद्याने मनाई केली, आणि युरोपीय संघाची तशीच बंदी जुलै २०२६ पासून मोठ्या कंपन्यांना लागू होते.

आता आपल्या घराकडे वळतो, कारण आपल्याकडे या चर्चेत एक वेगळं समाधान पसरलंय. आपली संस्कृती मुळातच काटकसरी, आपल्या आज्या गोधड्या शिवत, जुन्या लुगड्याची दुपटी करत, आपल्याला हे पश्चिमेकडून शिकायची गरज नाही, असं म्हटलं जातं. गोधडीबद्दल मला अतोनात प्रेम आहे. पण गोधडी शिवणाऱ्या हाताइतकंच श्रेय ज्या कापडाची ती होत असे त्या कापडाचं आहे. ते निखळ सुती होतं. विरलं तरी मऊ व्हायचं, घाम शोषायचं, सुई घ्यायचं. शिवाय ते काम बायकांनी दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत, फुकट केलेलं होतं. आज तेच काम पुन्हा त्यांच्यावर टाकून देशाचा कचरा आवरू पाहणं मला मान्य नाही.

कापड कसं बदललंय ते बोहारणीला विचारावं. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची चळत घेऊन गल्लीत येणाऱ्या या बायका आता कमी झाल्या आहेत, पण आमच्याकडे अजून एक येते. तिचं कपडे पारखणं लक्ष देऊन पाहण्यासारखं आहे. साडी ती उलगडून उजेडाकडे धरते आणि दोन अंगठ्यांनी ताणून वीण सरकते का पाहते. शर्टाची आधी कॉलर, मग काख, मग खिशाची शिवण. पँटची चेन एकदा वर-खाली. मग कापड बोटांत चुरगाळून सोडते आणि ढीग वेगळे होतात. जे धडके ते धुऊन, दुरुस्त करून पुन्हा विकायचे. फाटकं सुती ते चिंधीच्या व्यापाऱ्याकडे, तिथून गॅरेज आणि कारखान्यांत तेल पुसायला. पॉलिएस्टर मिसळलेलं फाटकं कापड ती परत आपल्यापुढे सरकवते. ते सुतीसारखं शोषत नाही, म्हणून त्याला भाव नाही. मी एकदा तिच्यापुढे आठ-दहा टी-शर्ट आणि लेगिंग ठेवले होते. तिने त्यातला एक उचलला आणि म्हणाली, ‘ताई, ह्याचं काही होत नाही हो. वाटीसुद्धा नाही सुटायची ह्यात.’

तिचा निवाडा कुठल्याही प्रयोगशाळेच्या निकालाशी जुळणारा आहे. सुती, पॉलिएस्टर आणि दोन-तीन टक्के इलॅस्टेन एकत्र विणलं की ते धागे पुन्हा वेगळे करणं महाकठीण. म्हणूनच कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी एक टक्काही पुन्हा नव्या कपड्यात येत नाही, असा अंदाज एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालात आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या पॉलिएस्टरची जाहिरात जोरात चालते. पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा टी-शर्ट झाला की बहुधा तो प्रवास तिथेच संपतो. कापडात काय मिसळायचं हा निर्णय डिझाइनच्या टेबलावर होतो. बोहारीण, सफाई कामगार आणि गिऱ्हाईक तिघेही त्या टेबलापासून फार लांब आहेत. माझ्या मते लढाई त्या टेबलाशी आहे.

सगळ्यांत जोरदार आक्षेप खर्चाचा असतो. नियम कडक केले तर कपडे महागतील आणि गरिबाने काय घालायचं? प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब करून पाहू. एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. सूत कातताना आणि कापड बेतताना होणारी घट धरली तर तेवढ्या रुईत साधे दीडशेच्या आसपास टी-शर्ट होतात. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. म्हणजे सरकीसकट एका टी-शर्टमागे शेतकऱ्याच्या पदरी पन्नास-पंचावन्न रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. विदर्भात तो किती वेळा मिळत नाही हे वाचकांना सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. या शेतकऱ्याने विषारी फवारणी कमी करावी, जमीन सांभाळावी म्हणून त्याला दहा टक्के भाव वाढवून दिला तर टी-शर्टमागे पाच रुपये पडतात. पाच रुपये! आणि दुकानात ‘ऑरगॅनिक’ची चिठ्ठी लागली की तोच टी-शर्ट दोनशे-तीनशे रुपयांनी महाग होतो. मधले पैसे यवतमाळला पोचत नाहीत. शाश्वततेमुळे कपडा महाग होतो असं जे आपल्याला दाखवलं जातं, त्यातला मोठा भाग शाश्वततेचा खर्च नाहीच. ती एक चैनीची वस्तू म्हणून विकल्याचा नफा आहे. नियम सगळ्यांना सारखा लागला की ही वेगळी चिठ्ठी लावून वेगळा भाव घेण्याची सोयच उरत नाही.

आपली करव्यवस्थाही चुकीच्या बाजूला झुकलेली आहे. सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आणि त्यावर १८ टक्के. दहा वर्षं टिकेल असं जाड सुती जॅकेट तीन हजारांना घेतलं तर १८ टक्के, आणि तेवढ्याच पैशात एका पावसाळ्यात विटणारे दहा टी-शर्ट घेतले तर ५ टक्के. कर किमतीकडे पाहतो. धागा, टिकाऊपणा, दुरुस्त होण्याची शक्यता, यांतलं काहीच तो पाहत नाही. हे बदलायला कुणाच्या मनोवृत्तीत क्रांती व्हावी लागत नाही, जीएसटी परिषदेची एक बैठक पुरते.

इचलकरंजीच्या, मालेगावच्या, भिवंडीच्या यंत्रमागवाल्याचं आणि छोट्या प्रोसेसवाल्याचं काय, असं विचारणाऱ्यांशी मी सहमत आहे. पंचगंगेच्या दुर्दशेत साखर कारखान्यांचा, नगरपालिकांच्या मैल्याचा आणि कापड प्रक्रियेच्या सांडपाण्याचा असा सगळ्यांचा वाटा आहे, आणि नोटीस मात्र नेहमी सगळ्यांत लहान माणसाच्या दारावर आधी लागते. तिरुपूरमधली चूक इथे पुन्हा होऊ द्यायची नाही. म्हणूनच माझं म्हणणं आहे की नियम कारखान्यापाशी थांबता कामा नये, तो ज्याच्या नावाने कपडा विकला जातो त्याच्यापर्यंत गेला पाहिजे. पाणी शुद्ध करण्याचा खर्च खरेदीच्या दरात धरल्याशिवाय ब्रँडला माल उचलता येऊ नये. प्लॅस्टिकच्या वेष्टनांसाठी, ई-कचऱ्यासाठी, बॅटऱ्यांसाठी, टायरांसाठी आपल्याकडे उत्पादकाच्या जबाबदारीचे नियम झाले आहेत. वस्तू टाकाऊ झाल्यावर तिचं काय करायचं याचा खर्च ती विकणाऱ्याने उचलायचा. कपड्यांसाठी मात्र असा नियम नाही. फ्रान्समध्ये तो २००७ पासून आहे, आणि आता युरोपीय संघाने सगळ्या सदस्य देशांना तो करायला लावलंय. आपल्याकडे तो आला आणि मिश्र धाग्याच्या कपड्यावर जास्त, निखळ धाग्याच्या टिकाऊ कपड्यावर कमी असं शुल्क बसलं, तर दोन टक्के इलॅस्टेन घालावं की नाही याचा विचार डिझाइनच्या टेबलावर दुसऱ्याच दिवशी सुरू होईल. आणि त्या शुल्कातला वाटा बोहारणीला आणि चिंधी निवडणाऱ्या बायकांना मजुरी म्हणून मिळाला पाहिजे, कारण हे काम आज त्याच करताहेत.

कमी कपडे घ्यावेत, घेतलेले जास्त वर्षं वापरावेत, याला माझा विरोध नाही. मी स्वतः तसंच वागते. पण माझ्या कपाटाने नोय्यल स्वच्छ झाली नाही आणि पंचगंगाही होणार नाही. युरोपचे नवे नियम येत्या काही वर्षांत लागू होतील, तेव्हा आपले निर्यातदार ते पाळतीलच, जसे त्यांनी ॲझो रंगांचे पाळले. १९९७ साली निदान सरकारने तोच नियम देशातल्या मालालाही लावला होता. या वेळी तेवढंही झालं नाही, तर एकाच कारखान्यात एका पाळीत युरोपचा कपडा नियमाने निघेल आणि दुसऱ्या पाळीत आपला कपडा नियमाविना. तसं होऊ द्यायचं नसेल तर वस्त्रोद्योग आणि पर्यावरण या दोन मंत्रालयांना आत्ताच जाब विचारला पाहिजे, आणि तो गिऱ्हाईक म्हणून विचारून भागणार नाही, मतदार म्हणून विचारावा लागेल.